बाळंतविडा

नवजात अर्भकासाठी आणि बाळंतिणीसाठी माहेरच्या मंडळींनी व आप्तेष्टांनी तयार करून दिलेल्या कपड्यांच्या, अंथरुण-पांघरुणांच्या व अन्य उपयुक्त वस्तूंच्या संचास महाराष्ट्रात बाळंतविडा म्हणतात. विडा म्हणजे तांबूल. विडा देणे हा सन्मानाचा जुना संकेत असल्यामुळे मानाने द्यावयाच्या देणगीलाही तो शब्द लागू झाला. बाळंतविड्यात बाळंतिणीसाठी लुगडे-चोळी, खाद्यपदार्थ आणि औषधी वस्तूही असत. तथापि त्याचा मुख्य भाग बाळाच्या कपड्यांचा असून तो दीर्घकाळ घरच्या स्त्रियांच्या हातशिलाईतून सिद्ध होत आला. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने या शिवणकामाचा विचार केला आहे. हे काम कोणी, केव्हा व कोणत्या कापडातून करावयाचे यांविषयीचे संकेत काळानुसार बदलत गेले. अर्भक जगेल की नाही या भयाशी आणि ते भय हळूहळू ओसरण्याशी या बदलांचा निकटचा संबंध आहे.

घटक व बांधणी : बाळंतविड्यातील कपड्यांत अंगडे, झबले, टोपडे, कुंची, लंगोट, बाळोती, लाळेरे, दुपटे, चौघडी आणि मोहरीची उशी हे प्रमुख होत. अंगडे पुढून उघडे असून त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर आणून बंदांनी बांधतात. झबले सैल व बहुधा पाठीकडे उघडे असते. दोहोंतही गुंड्यांऐवजी कापडी बंद वापरण्याचे कारण व्यावहारिक आहे : बाळाच्या अंगाला गुंडी टोचत नाही आणि बाळ वाढत जाते तसे बंद सैल करता येतात. जाणत्या शिवणाऱ्या स्त्रिया तान्ह्या बाळाच्या कपड्याची शिवण बाहेरच्या अंगास ठेवीत. त्यामुळे कोवळ्या कातडीला टाक्यांचा काच होत नसे. टोपडे कानांवरून घट्ट बसणारे असून त्याचे बंद हनुवटीखाली बांधले जातात.

या संचातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वस्त्र म्हणजे कुंची. डोक्यावर टोपीसारखा भाग आणि तेथून पाठीवर सोडलेला रुंद झोळ अशी तिची रचना असते. कापडाचा आयताकृती तुकडा दुमडून त्याची एक बाजू शिवली आणि मानेशी चुण्या घालून बंद लावले, की कुंचीचा साधा प्रकार तयार होतो. बाहेरच्या बाजूस खण, रेशीम किंवा जरीचे कापड आणि आत मऊ सुती अस्तर अशी तिची मांडणी सामान्यतः आढळते. बाळाला वारा लागू नये म्हणून डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकण्याची ही योजना होय. बारशाच्या दिवशी बाळाला कुंची घालून पाळण्यात ठेवीत.

दुपटे हे नावाप्रमाणे दोन पदरांचे, चौकोनी व मऊ पांघरूण होय. बाळाला गुंडाळून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. त्याच्या कडांना निराळ्या रंगाचा गोट लावण्याची पद्धत आहे. चौघडी ही चार पदरांची लहान गोधडी. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून कडेपासून धावदोरा घालत ती शिवतात. पाळण्यातील गादीवर, मांडीवर किंवा अंगणात उन्हात घालावयाच्या बाळाखाली तिचा उपयोग होई. बाळोती ही जुन्या कापडाची साधी फडकी असून ती दिवसाकाठी अनेक लागत. मोहरीच्या दाण्यांनी भरलेल्या लहान उशीवर डोके ठेवल्याने बाळाच्या डोक्याला गोल आकार येतो, अशी समजूत आहे. तीस वैद्यकीय आधार नाही. उलट, तान्ह्या बाळाजवळ उशी, जाड गोधडी किंवा अन्य मऊ वस्तू ठेवल्यास श्वास कोंडण्याचा धोका संभवतो, असे आधुनिक बालरोगचिकित्सा मानते.

प्राचीन उल्लेख : अर्भकाच्या वस्त्रांविषयीचे विवेचन आयुर्वेदाच्या संहितांत आढळते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार बांधून तेथे आवश्यक साहित्य जमवावे, असे सांगितले आहे. बाळाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुगंधी असावीत, घामाने, मलमूत्राने किंवा जंतूंनी दूषित झालेली टाकून द्यावीत आणि दुसरी मिळणे शक्य नसेल, तर तीच चांगली धुऊन, वाळवून व धुरी देऊन वापरावीत, असा त्या ग्रंथाचा निर्देश आहे. धुरीच्या द्रव्यांत जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादींचा समावेश होतो. सुश्रुतसंहितेत बाळाला क्षौम वस्त्रात गुंडाळून क्षौमाच्याच अंथरुणावर निजवावे, असे म्हटले आहे. काश्यपसंहिता या बालचिकित्सेच्या ग्रंथात धूपनावर स्वतंत्र अध्याय आहे.

या उल्लेखांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे प्रसूतीपूर्वी तयारी करणे शास्त्रकारांना अभिप्रेत होते. दुसरी म्हणजे वस्त्राच्या नवेपणापेक्षा त्याचा मऊपणा व स्वच्छता यांना महत्त्व होते. महाराष्ट्रातील घरांत बाळाच्या कपड्यांना ओवा, ऊद इत्यादींची धुरी देण्याची चाल अगदी अलीकडेपर्यंत चालू होती. बंद खोलीतील धूर अर्भकाच्या श्वसनमार्गाला अपायकारक असल्यामुळे आता डॉक्टर ती टाळण्यास सांगतात.

तयारी व धास्ती : लोकाचारात मात्र तयारीबरोबरच तिच्याविषयीची धास्तीही दिसून येते. अनेक कुटुंबांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे कपडे शिवणे अशुभ मानीत. आधी शिवून ठेवले तर दृष्ट लागते, दैवाला डिवचल्यासारखे होते, अशी त्यामागील भावना होती. म्हणून गरोदरपणी जुनी, मऊ झालेली धोतरे व लुगडी धुऊन बाजूला ठेवीत. बाळ जन्मले, की त्यांतूनच त्याची पहिली वस्त्रे फाडून होत. नव्या कापडाची अंगडी-टोपडी बारशापर्यंतच्या दिवसांत घाईने शिवली जात. प्रसूतीनंतर पाचवीची पूजा आणि सटवाईचे पूजन होऊन गेल्यावर, साधारणतः बाराव्या दिवशी, बाळाला नाव मिळे व तेव्हाच नवी वस्त्रेही मिळत. जन्मानंतरचे पहिले काही दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात, या अनुभवाशी हा क्रम जुळणारा आहे.

पहिल्या कापडाच्या निवडीतही हेच सूत्र दिसते. दीर्घायुषी आजोबांचे धोतर किंवा पणजीचे लुगडे यांतून बाळाचे पहिले वस्त्र काढले, म्हणजे त्या व्यक्तीचे आयुष्य बाळाला लाभते, असे मानीत. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे नवजात बाळाला इतरांच्या घरून मागून आणलेल्या कापडाचे कपडे घालीत. मृत्यूला हे मूल कोणाला नकोसे आहे असे वाटावे, हा त्यातील हेतू होय. अशा मुलांची नावेही धोंडू, दगडू, केरू अशी ठेवीत. श्रद्धेच्या पलीकडे पाहता जुन्या कापडाला व्यवहाराचा आधारही होता : अनेक धुण्यांनी त्यातील खळ निघून गेलेली असते, ते मऊ असते आणि ओल चांगली शोषते.

गर्भवतीच्या शिवणकामावर ग्रहणकाळात पूर्ण बंदी असे. त्या वेळी तिने चिरणे, कापणे, शिवणे अशी कामे केल्यास बाळाचा ओठ फाटका निघतो किंवा कानाला व्यंग येते, ही समजूत महाराष्ट्रात व भारताच्या अन्य भागांतही आढळते. फाटलेला ओठ हा गर्भावस्थेच्या प्रारंभीच्या आठवड्यांत चेहऱ्याचे भाग नीट न जुळल्यामुळे उद्भवणारा जन्मजात दोष असून ग्रहणाशी किंवा सुई-कात्रीशी त्याचा काही संबंध नाही. तथापि या समजुतीचा भार मातेवर पडत असे. बाळात व्यंग आढळले, की तिने ग्रहण नीट पाळले नाही, असा दोष तिला दिला जाई.

हा धोका काल्पनिक नव्हता. १९११–१५ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सु. २०० अर्भके वर्षाच्या आत मृत्यू पावत, असे नोंदणीचे आकडे दाखवितात. मुंबई शहरात १९२१ मध्ये हे प्रमाण हजारी सहाशेंहूनही अधिक नोंदले गेले. गिरणगावातील एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची दाटी व अस्वच्छता हे त्याचे एक कारण होतेच. पण त्या आकड्याला माहेरच्या प्रथेचाही हातभार होता. बाळंतपणासाठी गावी गेलेल्या स्त्रियांच्या मुलांचे जन्म गावीच होत आणि त्यांची नोंद शहरात नसे. ती मुले शहरात आल्यानंतर मृत्यू पावल्यास मृत्यूची नोंद मात्र शहरात होई.

शिवणाऱ्या स्त्रिया : मध्ययुगीन महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्थेत शिवलेले कपडे करण्याचे काम शिंप्याकडे असे. गोधड्या, दुपटी व तान्ह्या मुलांचे कपडे मात्र बहुतांशी घरातील स्त्रियाच हाताने शिवीत. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या महिन्याच्या सुमारास माहेरी येई. आई, आजी, मावशी, शेजारणी यांच्या दुपारच्या बैठकीत धावदोरा, टीप व हातशिलाईचे काम चाले आणि त्याबरोबरच बाळंतपणाचे अनुभव तोंडी सांगितले जात. ज्या मुलीचे लग्न बालवयात झाले असे, तिला आपल्या शरीरात काय घडत आहे हे कळण्याचे असे प्रसंग थोडेच असत. आत्या, मामी इत्यादी नात्यांतील स्त्रिया बारशाला अंगडे-टोपडे किंवा कुंची आणीत. त्यांतून नात्यांची देवघेवही पूर्ण होई.

हे चित्र सर्व समाजाला सारखे लागू नाही. शेतमजूर, गिरणीकामगार व भटक्या जमातींतील स्त्रिया अखेरच्या दिवसांपर्यंत कामावर असत. त्यांच्या बाळंतविड्यात चार-दोन जुनी फडकी आणि झाडाला बांधावयाच्या झोळीसाठी एक लुगडे एवढेच असे. धनगर कुटुंबांत घोंगडीच्या तुकड्यात बाळाला गुंडाळीत. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या झग्याला विशेष स्थान असून तो एका अपत्यानंतर दुसऱ्यासाठी जपून ठेवला जातो.

शिवणयंत्र व शिक्षण : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाचे स्वरूप पालटू लागले. १८५४ मध्ये मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील दशकांत गिरण्यांचे मांजरपाट व मलमल मध्यमवर्गीय घरांत सहज येऊ लागले. अमेरिकेत इलायस हौ यांनी १८४६ मध्ये व आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये शिवणयंत्राची एकस्वे मिळविली. सिंगर कंपनीची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात भारतात आली. हप्त्याने किंमत फेडण्याची सोय असल्यामुळे ती प्रथम शिंप्यांकडे व नंतर घरोघरी पोहोचली. १९३६ पासून उषा हे देशी शिवणयंत्र मिळू लागले.

मुलींच्या शाळांतून शिवण व भरतकाम हे विषय शिकविले जाऊ लागले. पंडिता रमाबाई यांचे शारदासदन (१८८९), धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने वाढलेले पुणे सेवासदन (१९०९) यांसारख्या संस्थांनी विधवा व निराधार स्त्रियांच्या शिक्षणाची सोय केली. शिवणकामाचे शिक्षण अशा स्त्रियांना उपजीविकेचे साधन ठरले. ज्या विधवेला रूढीने बारशासारख्या मंगलप्रसंगी पुढे येऊ दिले जात नसे, तिनेच शिवलेली झबली-टोपडी विकत घेऊन बाळाला घातली जावीत, हा या कालखंडातील मोठा विरोधाभास होय.

लोकरीचे विणकाम मिशनरी शाळांतून व इंग्रज स्त्रियांच्या अनुकरणाने आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते शहरी मध्यमवर्गात स्थिरावले. मोजे, टोपी व स्वेटर यांची बाळंतविड्यात भर पडली. या सर्वांचा एक महत्त्वाचा परिणाम असा, की हे काम आजीकडून खुद्द गर्भवतीच्या हाती आले आणि ते प्रसूतीपूर्वी उघडपणे होऊ लागले. लहानसा मोजा विणीत बसलेली स्त्री हे दृश्य पुढे हिंदी व मराठी चित्रपटांत गरोदरपणाची सूचना देणारा संकेत म्हणून रूढ झाले. जे पूर्वी लपवावयाचे होते, तेच आता आनंदाची वार्ता सांगू लागले.

या बदलामागे प्रसूतीच्या सोयींचाही वाटा आहे. मुंबईतील कामा रुग्णालय (१८८६) व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह (१९२६) यांसारख्या संस्थांमुळे शहरी स्त्रिया रुग्णालयात बाळंत होऊ लागल्या. रुग्णालयात जाताना बाळाचे कपडे बरोबर न्यावे लागत असल्यामुळे ते आधी तयार ठेवणे अपरिहार्य झाले आणि जुना निषेध व्यवहारापुढे सैल पडला. धनुर्वाताची लस, प्रतिजैविके व निर्जंतुक प्रसूती यांमुळे अर्भकमृत्यूचे प्रमाणही घटत गेले. भारतात ते १९७१ मध्ये हजारी १२९ होते. २०२० मध्ये ते २८ पर्यंत आणि महाराष्ट्रात १६ पर्यंत खाली आले. राज्यातील रुग्णालयीन प्रसूतींचे प्रमाण २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सु. ९५ टक्के आढळले.

अन्य देशांतील प्रथा : बाळासाठी आधी शिवून ठेवण्याविषयीची धास्ती केवळ भारतीय नाही. पूर्व युरोपीय परंपरेच्या ज्यू कुटुंबांतही जन्मापूर्वी बाळाचे साहित्य घरात न आणण्याची चाल आहे. याउलट इंग्लंडमध्ये अशी तयारी असणे हे मातेच्या सद्हेतूचे लक्षण मानले गेले व त्याला न्यायालयातही महत्त्व आले. तेथे १६२४ मध्ये झालेल्या कायद्यानुसार अविवाहित मातेने आपल्या अर्भकाचा मृत्यू लपविल्यास तिने खून केला असे गृहीत धरीत आणि मूल मृतच जन्मले हे साक्षीदाराकरवी सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर असे. शिक्षा देहांताची होती. अठराव्या शतकात न्यायालये या कठोर नियमाला वळसा घालू लागली. आरोपी स्त्रीने बाळासाठी कपडे शिवून किंवा जमवून ठेवले होते असे दिसल्यास तिला मूल जगावे अशीच इच्छा होती, असे मानून तिची सुटका होई. मोलकरणीच्या पेटीत सापडलेली दोन टोपडी व एक सदरा यांवर तिचे जगणे-मरणे अवलंबून असे. हा कायदा १८०३ मध्ये रद्द झाला.

लंडनमध्ये टॉमस कोरम यांच्या प्रयत्नाने १७४१ मध्ये टाकलेल्या मुलांसाठी सुरू झालेल्या संस्थेत मूल स्वीकारताना ओळखीसाठी कापडाचा तुकडा नोंदीला जोडीत. पुष्कळदा तो बाळाच्याच कपड्यातून कापलेला असे. १७५६ ते १७६० या काळात तेथे सु. १५,००० अर्भके आली व त्यांतील सु. दोनतृतीयांश दगावली. कापडाचे असे सु. ५,००० तुकडे आज उपलब्ध असून अठराव्या शतकातील सामान्य लोकांच्या वस्त्रांचा तो मोलाचा संग्रह समजला जातो. १७६७ मध्ये एका मातेने ठिगळकामाच्या पट्टीवर हृदयाचे चित्र भरून तिचे दोन भाग केले, एक मुलाबरोबर दिला आणि १७७५ मध्ये परत येऊन आपले मूल नेले. असे भाग्य फार थोड्या मातांना लाभले.

फिनलंडमध्ये शासनानेच ही तयारी अंगावर घेतली. १९३७ च्या कायद्यानुसार १९३८ पासून गरीब मातांना बाळाच्या साहित्याची पेटी देण्यात येऊ लागली. माता घरीच कपडे शिवतात हे लक्षात घेऊन तीत प्रारंभी कापड दिले जाई. १९४९ मध्ये ही सोय सर्व मातांना लागू झाली. मात्र चौथा महिना संपण्यापूर्वी तपासणी करून घेण्याची अट होती. १९५७ पासून पेटीत पूर्णपणे तयार कपडे येऊ लागले. भारतात तमिळनाडू (२०१५) व तेलंगण (२०१७) या राज्यांनी नवजात बालकांसाठी असे संच देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात शासकीय आरोग्यसंस्थांत जन्मणाऱ्या पहिल्या अपत्यासाठी २०१९ मध्ये अशीच योजना आली. माहेरचा बाळंतविडा ज्या मुलीला मिळू शकत नाही, तिच्या दृष्टीने अशा योजनांचे मोल विशेष आहे.

सद्यःस्थिती : १९९० नंतर तयार कपडे व वापरून टाकावयाचे लंगोट सर्वत्र मिळू लागल्यामुळे घरी शिवण्याची गरज उरलेली नाही. कुंची, दुपटे व चौघडी यांची निर्मिती काही प्रमाणात बचतगटांच्या व घरगुती उद्योगांच्या रूपाने टिकून आहे. बारशाला कुंची घालण्याची हौसही कायम आहे. घरी शिवलेले एखादे दुपटे मात्र आजही अनेक कुटुंबांत आवर्जून केले जाते. त्यामागे आता निकड नसून जिव्हाळा आहे.

जुने बाळंतविडे फारसे उपलब्ध नाहीत. एका बाळाचे झबले दुसऱ्याला जाई, विरले की त्याची बाळोती होत आणि शेवटी ती पोतेऱ्याच्या कामी येत. लंडनमधील कापडाचे तुकडे टिकले, कारण त्यांची मुले मातांपासून दुरावली; महाराष्ट्रातील दुपटी नाहीशी झाली, कारण ती वापरून संपली. त्यामुळे या स्त्रियांच्या कामाचा इतिहास वस्तूंपेक्षा आचारांत, शब्दांत आणि अर्भकमृत्यूच्या कोष्टकांतच अधिक शोधावा लागतो.